दादासाहेबांचा वाटाणा

गेल्या मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बारा दिवस एक कुंडी होती आणि तिच्यासमोर पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला माझा जुना फोन. फोन म्हणजे कॅमेरा, कुंडीतला वाटाणा म्हणजे नट आणि आमची नऊ वर्षांची लेक दिग्दर्शक. बी रुजतं, कळी उमलते, पावावर बुरशी चढते, असे भराभर पळणारे व्हिडिओ बघायचं तिला सध्या वेड लागलंय. नुसतं बघून भागेना, म्हणून घरीच करायचं ठरलं.

पहिले वाटाणे फ्रीझरमधल्या पिशवीतले होते. ते अर्थातच कुजले. गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेला वाटाणा कसला रुजतोय! मग आपल्या इंडियन दुकानातले उसळीचे सुके हिरवे वाटाणे रात्रभर भिजत घातले. त्यातले दोन रुजले. दर तासाला एक फोटो, रात्रभर ओट्यावरचा दिवा चालू, आणि कुंडीला कोणी धक्का लावायचा नाही अशी सक्त ताकीद. बारा दिवसांत २८८ फोटो झाले. ते जोडून जो व्हिडिओ तयार झाला, तो भरला जेमतेम बारा सेकंद! लेकीचा चेहरा पडला.

व्हिडिओ नाशिकला आजीकडे गेला. आजीने तो तीनदा पाहिला आणि व्हिडिओ कॉलवर नातीला सांगितलं, की अगं, हे तर आपल्या फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी केलं होतं, तेही वाटाण्याचंच. लेकीला फाळके म्हणजे पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेली फाळके स्मारकाची बाग, एवढंच ठाऊक. खरं सांगायचं तर माझीही मजल 'राजा हरिश्चंद्र' आणि फाळके पुरस्कार यांच्या पुढे गेलेली नव्हती. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघितला होता, हसलो होतो, विसरलो होतो. या वाटाण्याच्या निमित्ताने फाळक्यांचं आयुष्य पुन्हा नीट वाचलं, आणि वाटलं की आपण या माणसाची गोष्ट बहुतेक वेळा चुकीच्या जागेपासून सांगायला लागतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं. शास्त्रीबुवांचा मुलगा शास्त्रीच व्हायचा, अशी त्या काळची रीत. पण धुंडिराजाचा ओढा चित्रांकडे. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात शिकला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर हे मोठ्या मनाचे गृहस्थ. या मुलाच्या हाताला आणि डोक्याला एकाच वेळी काम हवं असतं, हे त्यांनी ओळखलं. त्यामुळे फाळके तिथे चित्रकला तर शिकलेच, शिवाय फोटोग्राफी, छपाईचे ठसे करणं, इमारतींचे आराखडे, नाटकाचं नेपथ्य अशा पाच-पन्नास गोष्टी शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली, तिला सुवर्णपदक मिळालं.

आजच्या भाषेत म्हणायचं तर गडी धड एका लाइनीत टिकत नव्हता. गोध्र्याला फोटोग्राफीचा स्टुडिओ काढला. तिथे प्लेग आला आणि पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा माणूस एकटा उरला. त्यानंतर तो जादू शिकला आणि जादूचे प्रयोग करू लागला. आपल्या आडनावातली अक्षरं फिरवून त्याने प्रोफेसर केळफा असं नाव घेतलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नीचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, सासरी सरस्वती. ही बाई या गोष्टीत पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

त्यानंतर पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे काढणारा म्हणून सरकारी नोकरी. स्वदेशीचं वारं आलं तशी ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाप्रेसचं काम केलं. तो छापखाना पुढे दादरला आला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं घ्यायला जर्मनीला जाऊन आले. धंदा उत्तम चालला होता, आणि तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले ते जवळपास रिकाम्या हातांनी. वय चाळीस-एक्केचाळीस, घरात लहान मुलं, उत्पन्न शून्य.

याच दिवसांत, १९११ च्या सुमाराला, त्यांनी गिरगावात तंबूतल्या पडद्यावर येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरची फिल्म पाहिली. डोळ्यांसमोर ख्रिस्त होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. आपले देव असे पडद्यावर कधी दिसणार, हा प्रश्न त्यांना चिकटला तो कायमचा. पुन्हा सरस्वतीबाईंना घेऊन गेले. तिकिटाला आणि गाडीभाड्याला पैसे शेजाऱ्यांकडून उसने घेतले होते.

इथपर्यंतची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. इथून आपण थेट हरिश्चंद्रावर उडी मारतो. पण मधलं दीड वर्ष बघण्यासारखं आहे.

फाळक्यांनी आधी वर्षभर नुसता अभ्यास केला. छोटासा कॅमेरा आणि फिल्मचे तुकडे मिळवले. मेणबत्ती आणि भिंग यांच्या मदतीने घरातल्या भिंतीवर चित्रं पाडून बघितली. मिळतील तेवढी पुस्तकं, यंत्रांच्या किंमतींची सूचिपत्रं, परदेशी नियतकालिकं मागवली. संध्याकाळी चित्रपट बघायचे आणि रात्री वाचत बसायचं. झोप जेमतेम तीन तास. शेवटी डोळ्यांनी असहकार पुकारला. दोन्ही डोळ्यांना दिसेनासं झालं. चित्रं दाखवायला निघालेल्या माणसाला स्वतःलाच अंधार! डॉक्टर प्रभाकर नावाच्या सद्गृहस्थांनी उपचार केले, वेगवेगळे चष्मे दिले, आणि नजर परत आली. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर थांबला असता. हे पुन्हा कामाला लागले.

पैसे उभे करायला विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या. बारा हजारांच्या पॉलिसींवर दहा हजार मिळाले. नातेवाईकांना हे वेड वाटलं, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणवत नाही. आपल्याच घरात कोणी चाळिशीत नोकरी-धंदा सोडून, विमा गहाण टाकून असलं काही करायला निघालं, तर आपण काय म्हणू? १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीने लंडनला निघाले.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाचे ते मुंबईहून वर्गणीदार होते, एवढाच काय तो धागा. पिकॅडिलीच्या परिसरात फिरताना त्या साप्ताहिकाची पाटी दिसली आणि हे सरळ आत शिरले. संपादकांनी आधी समजावलं, की इथे इंग्लंडातच भल्याभल्यांना जमत नाही, हिंदुस्थानच्या हवेत तर कठीणच. पण माणूस ऐकेना, आणि त्याला माहिती तर बरीच आहे, हे बघून ते त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे घेऊन गेले.

हेपवर्थ यांचा स्टुडिओ टेम्सकाठच्या वॉल्टन गावात होता. आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. इंग्रजी चित्रपटाच्या पहिल्या पिढीतला हा माणूस. त्यांची १९०५ ची गाजलेली छोटी फिल्म म्हणजे पळवून नेलेल्या बाळाला घरातला कुत्रा शोधून काढतो ती गोष्ट. तिच्यात हेपवर्थ स्वतः, त्यांची बायको, त्यांचं तान्हं मूल आणि घरचाच कुत्रा, अशी सगळी मंडळी होती. फिल्मला मागणी इतकी, की प्रती काढून काढून मूळ निगेटिव्ह झिजली आणि सगळी फिल्म पुन्हा दोनदा काढावी लागली. म्हणजे फाळके ज्याच्याकडे शिकायला गेले, त्याचाही कारखाना घरातूनच सुरू झालेला. हेपवर्थ यांनी त्यांना काहीही न लपवता सगळा स्टुडिओ दाखवला. कॅमेरा कसा चालतो, फिल्म कशी धुतात, पडद्यावरच्या युक्त्या कशा करतात, सगळं. फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवली आणि दोन आठवड्यांत परतीची बोट पकडली. १ एप्रिल १९१२ ला फाळके मुंबईत परत.

आता यंत्रं होती, विद्या होती, पैसे संपले होते. चित्रपटाला भांडवल हवं. भांडवलवाल्याला पुरावा हवा. चांगल्या बोलण्याने कोणी हजारो रुपये देत नाही. मग हा पुरावा द्यायचा कसा?

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला.

महिन्याहून जास्त काळ ते त्या कुंडीची चित्रं टिपत राहिले. बी फुटलं, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल चढू लागला. सगळं जोडून मिनिटभराची फिल्म झाली. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. निवडक लोकांना घरी बोलावून ती दाखवली. जे निसर्गात रोज घडतं पण कोणाला कधी दिसत नाही, ते समोरच्या भिंतीवर मिनिटात घडलं. बघणाऱ्यांमध्ये यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे होते. त्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. हरिश्चंद्राच्या सिंहासनाची पहिली वीट, म्हणजे हा वाटाणा.

रोज एक चित्र, असं त्या फिल्मबद्दल बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. आमच्या दिग्दर्शिकेने मात्र लगेच शंका काढली. तिच्या २८८ फोटोंचे बारा सेकंद झाले, मग यांच्या तीस-पस्तीस फोटोंचं मिनिट कसं होईल? हिशेबाला बसलो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं धावत. मिनिटाला झाली ९६०. पस्तीस दिवसांवर वाटली तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस. रोज एकच चित्र घेतलं असतं तर दोन सेकंदांत खेळ खलास. तेव्हा रोज एक ही आठवण पुढे सांगता सांगता सोपी झालेली असावी. कुंडीपाशी जाणं दिवसातून एकदा नव्हे, अनेकदा झालं असणार. आणि हे सगळं हाताने. कॅमेऱ्याचा दांडा नेहमीसारखा फिरवला तर एका फेऱ्यात आठ चित्रं उमटत. एका वेळी एकच चित्र घ्यायला वेगळी खुबी लागे. आमचा फोन सगळं आपोआप करत होता, तरी बारा दिवसांत आम्ही कंटाळलो. त्या माणसाच्या डोक्यावर कर्ज होतं, नजर नुकती कुठे सावरली होती, आणि तो पोराबाळांच्या घरात एका वाटाण्याला महिनाभर धक्का लागू देत नव्हता!

ही युक्ती जगात फाळक्यांनीच पहिल्यांदा केली, असं मात्र कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. जर्मनीत फेफर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याआधीच झाडांच्या हालचाली अशा टिपल्या होत्या. इथे लंडनमध्ये पर्सी स्मिथ या सरकारी कारकुनाने १९१० मध्ये फुलं उमलण्याची फिल्म काढून लोकांना वेड लावलं होतं. तसंच 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वर्षभर दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईत दाखवला गेला होता. फाळक्यांचं मोठेपण कमी करायला हे सांगत नाहीये. फाळक्यांची कमाल वेगळीच. दुसऱ्याला पटवायचं असेल तर वाद घालू नये, करून दाखवावं, हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. नाट्यगृहाबद्दल व्याख्यान न देता त्यांनी प्रतिकृती केली. जादूगार म्हणून उभे राहिले तेही करून दाखवायलाच. चित्रपटाबद्दल लोकांच्या मनात शंका होती, तेव्हा त्यांनी वाटाणा उगवून दाखवला.

पुढच्या सहा-सात महिन्यांची कथा सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातली सरस्वतीबाईंची बाजू पुन्हा सांगायला हवी. दादरला मथुराभवनात बिऱ्हाड, तोच स्टुडिओ, तोच कारखाना. कोरी फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. ती अंधाऱ्या खोलीत बसून, हाताने अंदाज घेत, यंत्राने एकसारखी भोकं पाडायचं काम बाईंनी शिकून घेतलं. भोक थोडं जरी चुकलं तर पडद्यावर चित्र थरथरणार. रात्री फिल्म धुवायला मदत, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि या सगळ्याच्या जोडीला साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने तर गेलेच होते. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारलं होतं असं सांगतात. त्या नाही म्हणाल्या. बाकीची इतकी कामं करणारं माणूस कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं असतं, तर कॅमेऱ्यामागचं सगळं कोणी केलं असतं?

शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका खाणावळीतले आचारी. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र. चित्रपटात काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा, म्हणून फाळक्यांनी नटांना सांगून ठेवलं होतं, की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा. वांगणीला बाहेरचं चित्रण होतं, तिथली हकीकत मोठी मजेदार आहे. ढाल-तलवारी घेतलेली ही टोळी बघून गावकऱ्यांना वाटलं की दरोडेखोर आले. मंडळींना अडकवून ठेवण्यात आलं. फाळके पोहोचले, त्यांनी कॅमेरा मांडला, नटांकडून एक प्रसंग करवून घेतला आणि दांडा फिरवून दाखवला. तेव्हा सुटका झाली. इथेही सुटकेचा उपाय करून दाखवणं हाच.

३७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. पुढे कारखाना नाशिकला गेला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि बाईचं काम बाईने करायला सुरुवात झाली.

१९१४ मध्ये फाळके आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला आले. हेपवर्थ यांनी चित्रपट पाहिले आणि या माणसाला इंग्लंडातच ठेवून घ्यायचा प्रस्ताव मांडला. महिन्याला तीनशे पौंड आणि वर नफ्यात वाटा. त्या काळचे तीनशे पौंड म्हणजे राजाचा थाट. फाळक्यांनी नाही म्हटलं. नाशिकला माणसं त्यांच्या भरवशावर बसली होती, आणि हा धंदा आपल्या देशात उभा राहावा म्हणूनच सगळा खटाटोप होता.

आपण इथे राहिलेली माणसं. त्यामुळे ही गोष्ट वाचून कोणी आपल्याला टोचून बोलतंय असं वाटायची शक्यता असते. मला ती तशी वाटली नाही, कारण पुढे काय झालं तेही ठाऊक आहे. महायुद्ध पेटलं. भांडवलवाल्यांनी हात आखडते घेतले, कोरी फिल्म मिळेना, देणेकरी दारात आले. नकार देण्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. ते इथे राहिले असते तर सुखी झाले असते का, हेही सांगता येत नाही. खुद्द हेपवर्थ यांचं दहा वर्षांत दिवाळं निघालं, आणि त्यांच्या फिल्म त्यातली चांदी काढून घ्यायला वितळवल्या गेल्या.

या ओढगस्तीच्या काळातली फाळक्यांची एक बाजू मला फार आवडते. मोठ्या चित्रपटांच्या आगेमागे ते छोट्या छोट्या फिल्म काढत राहिले. आज आपण फोनवर एकमेकांना पाठवतो ना, अगदी त्याच जातीच्या. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेतात. एक चित्र घ्यायचं, काडी इवलीशी सरकवायची, पुन्हा एक चित्र. वाटाणा स्वतःहून वाढत होता, काडीला हाताने वाढवायचं, एवढाच फरक. नाण्यांच्या करामतीची 'लक्ष्मीचा गालिचा' होती, प्रोफेसर केळफाच्या जादूची एक होती. तळेगावचा काच कारखाना, वेरूळची लेणी, नाशिक-त्र्यंबकचा परिसर, सिंहस्थ, असंही बरंच त्यांनी टिपलं. आणि १९१७ च्या सुमाराला 'चित्रपट कसे तयार करतात' ही फिल्म केली. तिच्यात फाळके स्वतः दिसतात. नटांना शिकवताना, फिल्म कापताना, जोडताना. जादूगाराने आपली युक्ती सांगायची नसते, हा जादूच्या धंद्याचा पहिला नियम. केळफांनी तो मोडला. हेपवर्थ यांनी काहीही हातचं न राखता शिकवलं होतं, त्याची ही परतफेड म्हणावी का?

१९१७ च्या 'लंकादहन'ने दिवस पालटले. राम आणि सीता, दोन्ही कामं अण्णा साळुंक्यांचीच. गिरगावात सकाळी सातपासून खेळ सुरू होत. पैसा आला, पैशामागून भागीदार आले. १९१८ मध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आला, १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' आला. त्यात कृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. हा चित्रपट आज इंटरनेटवर बघता येतो, जरूर बघा. सुरुवातीलाच ती चिमुरडी साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर बसून हसण्या-रडण्याचे, रागाचे हावभाव करून दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे इथेही आधी युक्ती उघड करून दाखवली, जादू त्यानंतर.

भागीदारांशी मात्र पुन्हा बिनसलं. छापखान्यात जे झालं तेच इथे. आपल्या मनासारखं झाल्याशिवाय चैन नाही, आणि हिशेबाच्या वहीत मन नाही. अशा माणसाबरोबर धंदा करणं सोपं नसणार, भागीदारांचीही बाजू असेलच. रागावून फाळके काशीला निघून गेले. तिथे बसून त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. दोन-तीन वर्षांनी परत आले, त्याच कंपनीसाठी चित्रपट काढत राहिले, पण आता मालक दुसरे होते. १९३१ मध्ये पडदा बोलू लागला. १९३२ चा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर आवाज चिकटवावा लागला. १९३७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा बोलपट केला. तो शेवटचा. जवळपास शंभर चित्रपट आणि पंचवीसहून जास्त लघुपट काढणारा हा माणूस अखेरची वर्षं नाशिकला शांतपणे आणि बरीचशी विस्मृतीत जगला. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

एवढ्या सगळ्या कामातली आज फार थोडी रिळं उरली आहेत. त्या काळची फिल्म झटकन पेट घेणारी, नाही पेटली तरी आपोआप सडणारी. वाटाण्याची फिल्म आता आपल्याला बघता येत नाही. हे कळल्यावर आमच्याकडे थोडा वेळ शांतता पसरली. एवढी महिनाभराची मेहनत, आणि ती कुठेच नाही? सेव्ह का नाही केली, हा प्रश्न तिच्या पिढीला साहजिक वाटतो. पण ती फिल्म जपून ठेवायला केलेलीच नव्हती. समोर बसलेल्या चार-सहा माणसांना पटवायला केली होती, आणि ते काम तिने चोख केलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही तिघं वॉल्टनला गेलो. हेपवर्थ यांचा स्टुडिओ आता नाही. त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे, हेपवर्थ वे, आणि त्यावरून गाड्या जात असतात. १९१२ च्या त्या थंडीत डोळ्यांना जपत, खिशातले पौंड मोजत, आपला एक मराठी माणूस या गावात आला होता, हे सांगणारं काही तिथे आम्हाला दिसलं नाही. लेकीने रस्त्याच्या पाटीचा फोटो काढून आजीला पाठवला. मग नदीकाठी बसून आम्ही घरून नेलेली पोळी-भाजी खाल्ली.

घरी आल्यावर तिने कपाटातून उसळीचे वाटाणे पुन्हा काढले आणि भिजत घातले. या वेळी पस्तीस दिवस ठेवायचं म्हणते. तासाला एक नाही, दोन फोटो. आईने विचारलं, की इतके दिवस ओटा अडवून ठेवणार का? उत्तर आलं नाही. कुंडी मात्र ओट्यावरून उचलून जिन्याजवळच्या खिडकीत गेली आहे, आणि गेले नऊ दिवस आम्ही दोघं तिथून भिंतीला चिकटून, श्वास रोखून वर-खाली करतोय.